उभी गाडी

मिस्त्रीने बॉनेटखाली वाकून एसीच्या कॉम्प्रेसरच्या तोंडावरची तबकडी हाताने फिरवून पाहिली. ती तसूभरही हलली नाही. कड जळून निळी पडली होती.

"जाम झालाय, ताई," तो म्हणाला. "हा आता दुरुस्तीच्या पलीकडे गेला. नवाच बसवावा लागेल."

गाडी घेऊन आलेल्या बाई पन्नाशीच्या होत्या. पर्स दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. बसवा म्हणाल्या, पण आजच्या आज. ह्यांचं ऑफिस चाळीस किलोमीटरवर, रोजचं जाणं-येणं. आठ दिवसांपूर्वी एसी बंद पडला आणि परवा येताना वाटेत ह्यांना उन्हाने चक्कर आली. आता ताप घेऊन घरी पडलेत, तरी उद्या जायचंच म्हणतात. मिस्त्रीने त्यांना चार वाजता यायला सांगितलं.

जुना कशाने मेला हे कळल्याशिवाय नवा बसवायचा नाही, हा त्याचा नियम. नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो. त्याने गॅस काढून घेतला, पाइप सोडवले. आतलं तेल काळं आलं, जळका वास मारत होतं आणि त्यात चांदीसारखा बारीक चुरा चमकत होता. मग त्याने पुढच्या जाळीमागच्या एसीच्या पंख्याला बॅटरीवरून थेट वायर लावली. पंखा ढिम्म. मोटर जळलेली.

दुखणं सापडलं, पण त्याचं समाधान होईना. पंखा गेला तरी पळत्या गाडीला समोरून वारा लागतो, निभावून जातं. एवढा उकळून मरायचा तर गाडी एका जागी उभी हवी. तीही तासन् तास, एसी चालू ठेवून.

दाराच्या आतल्या बाजूला मागच्या सर्व्हिसिंगचा कागद त्यानेच चिकटवलेला होता. तारीख आणि किलोमीटर त्याच्याच अक्षरात. तो आत बसला, चावी फिरवून मीटर पाहिला, आणि पुन्हा कागद पाहिला. सात महिन्यांत गाडी नऊशे किलोमीटर चालली होती. बाईंच्या हिशोबाने एवढं बारा दिवसांत व्हायला हवं होतं.

मग त्याने आजूबाजूला पाहिलं. ड्रायव्हरशेजारची सीट पार मागे सरकवून आडवी केलेली. सीटखाली घरातल्या सपाता. मागच्या हुकाला हँगरवर इस्त्रीचा शर्ट. दाराच्या कप्प्यात वर्तमानपत्रं घडी घालून ठेवलेली, रोजचं एक. त्याने वरचं उघडलं. शब्दकोडं सोडवलेलं होतं. खालचंही. एकाही कोड्यातला एकही चौकोन रिकामा नव्हता.

त्याने घड्या होत्या तशा घातल्या आणि बाहेर येऊन कामाला लागला.

अकराच्या सुमाराला फोन आला. आवाज खोल गेलेला होता, पण बोलणं साहेबी. गाडीचा मालक बोलतोय म्हणाला. आधी कितपत झालं ते विचारलं, मग पंख्याचं ऐकून घेतलं.

"कशाने गेला ते घरी सांगू नका," शेवटी तो म्हणाला. "किलोमीटरबिटर काढू नका. पार्ट जुना झाला होता म्हणा."

मिस्त्री बरं म्हणाला. काही विचारावं असं त्याला वाटलं, पण काय विचारणार? दुसऱ्याच्या घरचं झाकण आपण कशाला उघडायचं? फोन ठेवला तेव्हा आपल्या हाताचं काळं तेल कानाला लागल्याचं त्याच्या लक्षात आलं.

दुपारभर तो जेवायलाही उठला नाही. पाइप धुऊन काढले, फिल्टर बदलला, कॉम्प्रेसर बसवला, पंख्याची मोटर नवी घातली. अर्धा तास पंप लावून आतली हवा ओढून घेतली आणि दाबाचा काटा हलत नाही याची खात्री करून मग गॅस भरला. एवढ्या निगुतीने कामं तो हल्ली करत नसे.

बाई चारला आल्या. मिस्त्रीने त्यांना ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसवलं, इंजिन चालू केलं. सीट त्याने सरळ करून ठेवली होती. बाईंनी डॅशबोर्डच्या जाळीसमोर तळहात धरला. गार हवा आली तशी त्यांनी डोळे मिटले.

"गेला कशाने होता?"

"वय झालं होतं," मिस्त्री म्हणाला. "यंत्रच ते. पार्ट जुना झाला की जातो."

बाईंनी मान हलवली. हात तसाच जाळीसमोर होता. एवढं बोलून त्या निघतील असं त्याला वाटलं, पण त्या समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत राहिल्या.

"भाऊ, एक विचारू? गाडी एका जागी उभी ठेवून सकाळी साडेनवापासून संध्याकाळी सहापर्यंत एसी चालवला, तर हा नवा तरी टिकेल ना?"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसायला घेतले. ते आधीच पुसलेले होते. इतक्या वर्षांत त्याला कोणी असा प्रश्न विचारला नव्हता, आणि उत्तर तर त्याला सकाळपासून पाठ होतं.

"टिकेल, ताई. पंखा नवा घातलाय. मधून मधून बंद करायचा, इंजिनालाही जरा श्वास द्यायचा." तो थांबला. "आणि गाडी सावलीत लावायला सांगा त्यांना."

बाईंनी सीट मागे सरकवली, सकाळी होती तेवढी. पाठ टेकवून आडवीही केली. मग उतरून पर्स उघडत म्हणाल्या,

"कोण सांगणार?"