मूल ज्याच्याकडे धावेल

आत्या दारात उभी होती आणि चिमणी बालवाडीच्या बाईंमागे लपत होती.

आज आईला यायला जमणार नाही, मीच नेते, असं आत्या म्हणाली. का जमणार नाही, असं बाईंनी विचारलं. आत्यानं एकदा चिमणीकडे पाहिलं आणि तिचं दप्तर उचललं.

बाईंचा नियम साधा होता. मूल ज्याच्याकडे आपणहून धावेल, त्याच्याच हाती द्यायचं. गेल्या वर्षी एका गोडबोल्या काकाच्या हाती त्यांनी पोरगं दिलं होतं, ते तीन दिवसांनी सापडलं. तेव्हापासून बाई ताकही फुंकून पीत. मोठी माणसं खोट्या सह्या करतात, मुलांचे पाय खोटं बोलत नाहीत, असं त्या पालकांना ठणकावून सांगत. गावातल्या चौदा पोरांच्या बालवाडीला एवढा नियम पुरत होता.

आत्या शहरात राहणारी. चिमणीनं तिला जेमतेम दोनदा पाहिलेलं. तिनं हात पुढे करताच पोरीनं भोकाड पसरलं. बाईंनी साफ नकार दिला. आजोबांना घेऊन येते, असं म्हणत आत्या डोळे पुसतच वळली.

बाकीची मुलं घरी गेली. चिमणी एकटीच ठोकळे रचत बसली. आपण जरा जास्तच ताणलं का, हा विचार बाईंना सोडेना.

एकाएकी चिमणीनं ठोकळे टाकले आणि फाटकाकडे धूम ठोकली. आई आली होती. रोज पायरीवर टेकून गावभरच्या गप्पा मारणारी ती आज फाटकाच्या आतही आली नाही. पोर तिला बिलगली. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"तुमची नणंद आली होती. मी नाही पाठवलं," त्या म्हणाल्या.

"बरं केलंत," आई म्हणाली. "माझ्याशिवाय नाही राहायची ती."

मायलेकी नदीच्या वाटेला लागल्या. घर वरच्या आळीत होतं, पण पोरीनं पाण्यासाठी हट्ट धरला असेल, असं बाईंना वाटलं. त्या कुलूप शोधू लागल्या.

तेवढ्यात आत्या आजोबांना हाताला धरून आली. चिमणी आत्ताच आईबरोबर गेली, असं बाईंनी जरा तोऱ्यातच सांगितलं. आजोबा तसेच फाटकाकडे वळले.

"मघाशी पोरीदेखत सांगवलं नाही हो," आत्या म्हणाली. "वहिनी नदीत बुडाली. दुपारीच बाहेर काढलं तिला."