बांगडीची निशाणी

"बाई स्वतः समोर आल्याशिवाय साहेबांना सही करू देऊ नका, वहिनी," असं हरिहरपंत कारकुनांनी बजावलं होतं. सुहासिनीने ते मनावर घेतलं नव्हतं. तिचं स्वतःचं बाळ तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचं होतं. नवऱ्याला म्हणाली, "अहो, दहा दिवसांच्या बाळंतिणीला बैलगाडीत घालून कोलशेताहून ठाण्याला आणायचं का? दीर सांगतोय ना तिचा."

मग तिच्या नवऱ्याने, परशुराम वकिलांनी, बाईच्या शेताचे अधिकार दिराला देणाऱ्या मुखत्यारपत्राखाली लिहिलं: 'शेवंतीबाई, विधवा, हिने आमच्या समक्ष निशाणी केली. माहे मार्च, सन १८८६.' वर शाईचं एक वर्तुळ होतं. लिहिता न येणाऱ्या बाया सहीच्या जागी बांगडीचं चित्र काढत, तशी ती बांगडी. दिराने, गुणाजीने, घरून येतानाच ती काढून आणली होती.

काही महिन्यांनी, त्या कागदावरून झालेल्या चौकशीचा निकाल लागला त्या दिवशी, वकील कोर्टातून दुपारीच परतले. पागोटं काढून हातातच धरून बसले.

"वकिलीची सनद वर्षभरासाठी काढून घेतली," ते म्हणाले. "बाईला मी पाहिलंच नव्हतं, हे कबूल केलं."

सुहासिनी काही बोलणार तोच तिची नजर अंगणात गेली. एक बाई उभी होती, पदराखाली पोर. कोर्टापासून वकिलांच्या मागे चालत आली होती. ती शेवंती, हे सांगावं लागलं नाही.

"वकीलदादा, तुमाला सजा झाली," ती म्हणाली. "मंग माझा शेत?"

वकिलांनी मान वर केली नाही. "गुणाजीने ते विकलंय, त्याच कागदावर. परत मिळवायला तुला वेगळा दावा लावावा लागेल."

"त्यो तुमी लावाल?"

"मला वर्षभर कुणाचंच काम घेता येत नाही."

"बरा हाय," शेवंती म्हणाली. "तुमी बी घरान, मी बी घरान. माझा घर तेवढा दिराचा."

सुहासिनी पायरी उतरून खाली आली. "चूक माझी आहे गं. मीच यांना म्हटलं, ओल्या बाळंतिणीला हलवू नका. तुला त्रास नको म्हणून."

शेवंती तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर सुहासिनीला बरं वाटलं असतं.

"चौथ्या दिशी मी विहिरीचा पानी भरीत व्हते, बाय. मना इचारला असता तं चालत आले असते."

"आता गुणाजी तुला ठेवील का? माहेरी तरी जा."

"माहेरान कोन हाय? पटकीच्या साथीन गेली समदी." तिने पोर दुसऱ्या कुशीला घेतलं आणि ती निघाली. दूध-भाकर घेऊन सुहासिनी बाहेर येईपर्यंत ती वळणाआड गेली होती.

आठ दिवसांनी हरिहरपंतांनी कोलशेतात चौकशी केली. गुणाजीने अंगणातूनच उत्तर दिलं, "माहेरी गेली."

तेव्हापासून सुहासिनी कोलशेताच्या वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवते. तुम्हालाही थांबवील. म्हणेल, खाडीकडचं शेवटचं घर गुणाजीचं आहे, तिथे जरा जाऊन या. त्याच्याशी बोलू नका. मागच्या दाराशी थोडा वेळ उभे राहा, आणि आत पोर रडतंय का, तेवढं ऐकून या.