कंदीलवाल्याचे पाय

आजोबांनी उजव्या पायात जुना बूट चढवला आणि डाव्या पायाखाली लाकडी ठोकळा पट्ट्याने आवळून बांधला. मग ते खडीने भरलेल्या चौकोनी खड्ड्यात उभे राहिले. सिनेमात माणसं चालताना दिसतात. त्यांच्या पावलांचे आवाज या खोलीत आजोबा काढत. स्टुडिओत सगळे त्यांना पाऊलकाका म्हणत.

नात भिंतीजवळच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर पुस्तक होतं, चिकटपट्टीच्या आधाराने कसंबसं तग धरून राहिलेलं. त्यातली राजकन्या तिला बरी वाटायची, पण जीव होता तो कंदीलवाल्यावर. पायाने लंगडा, जिभेने तिखट, आणि भुयारात राजकन्येच्या एक पाऊल मागून चालणारा. कंदील उंच धरून, उजेड तिच्या पुढ्यात पडावा म्हणून. या पुस्तकावरच्या सिनेमात त्याचे पाय मीच होणार, असं आजोबांनी तिला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. ते ऐकायलाच ती आज आली होती.

काचेपलीकडून ध्वनिमुद्रकाने हात केला. दिवे मालवले. पडद्यावर भुयार आलं. भिंती आपल्या आपणच निळ्या चमकत होत्या, आणि राजकन्या चालत होती. एकटीच.

"तो कुठंय?" नातीने विचारलं.

स्पीकरमधून ध्वनिमुद्रकाचा ओशाळलेला आवाज आला. "काका, तुम्हाला निरोप नाही मिळाला का? परवा त्याला काढला. कॉम्प्युटरवर पुसूनच टाकलाय. आता फक्त तिची पावलं हवीत."

नातीने पुस्तक मिटलं आणि स्टूल भिंतीकडे फिरवलं.

दिवे पुन्हा लागले आणि दिग्दर्शक चहाचा कप घेऊन आत आला. माणूस वाईट नव्हता. तो तिच्याशेजारी खाली बसला. "रागावलीस?"

"तुम्ही पुस्तक वाचलंय?" तिने भिंतीलाच विचारलं.

"दोनदा."

"मी अकरा वेळा."

"बरं. मग तूच सांग, सव्वादोन तासांत किती माणसं कोंबायची? आणि राजकन्या शूर दिसायला हवी ना? म्हणून ती एकटी भुयार पार करते."

"ती अंधाराला घाबरते. तरी जाते, कारण तो मागे असतो."

"त्याचे टोमणे मी वाया नाही घालवलेत. सगळे घुबडाला दिलेत."

"घुबड लंगडत नाही."

दिग्दर्शकाने मदतीसाठी आजोबांकडे पाहिलं. आजोबा खाली वाकून पायाचा ठोकळा सोडवत होते. "तिची पावलं घेऊ या, साहेब," ते म्हणाले. नातीने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तेही तिकडचेच निघाले, असं ते पाहणं होतं. ती पुन्हा भिंतीकडे वळली.

आजोबांनी मऊ तळाचे जोडे घातले. पडद्यावर राजकन्या निघाली, तसे तेही खडीवर जागच्या जागी चालू लागले. तीन पावलं. ती थांबली, तेही थांबले. दोन पावलं. पुन्हा थांबली.

"परत लावा," ते म्हणाले.

परत लावलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा मध्येच त्यांनी हात वर केला.

"साहेब, हिला एकटीला चालवणं मला जमायचं नाही."

"का? काय अवघड आहे त्यात?"

"बघा ना. तीन पावलं टाकते आणि थांबते. मान जराशी कलती करते, ऐकते, मग पुढे जाते. पाऊलसुद्धा तोकडं टाकते. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पायांकडे बघतोय. एकटं माणूस असं चालत नाही. ही कुणाला तरी सांभाळून घेतेय."

दिग्दर्शक पडद्याजवळ गेला. चित्र थांबलेलं होतं. राजकन्येची मान किंचित मागे कललेली होती.

"शूटिंगला तो नट तिच्या मागेच होता," तो सावकाश म्हणाला. "ठोकळ्यावर चालायला त्याला वेळ लागायचा. ती थांबायची त्याच्यासाठी."

"त्याला पुसलात," आजोबा म्हणाले. "तिचं थांबणं तेवढं राहून गेलं."

स्टूल करकरलं. नात भिंतीकडून पडद्याकडे वळली होती.

"पण काका, त्याच्या पावलांचा नुसताच आवाज ठेवला तर लोक विचारतील, हा कोण? दिसत तर कुणी नाही," दिग्दर्शक म्हणाला.

"अंधारात मागचं माणूस दिसतं कुठं? ते आहे एवढं कळतं."

दिग्दर्शकाने ते दृश्य स्वतः पुन्हा लावायला सांगितलं. राजकन्या तीन पावलं चालली, थांबली, वाट पाहिली. कुणीच आलं नाही. ती पुढे गेली. त्याच्या हातातला चहा निवून गेला होता. तो त्याने स्टुलाशेजारी जमिनीवर ठेवला.

"बांधा तो ठोकळा," तो म्हणाला. "दोघांची घ्या."

आजोबांना खाली वाकायला वेळ लागला. पट्टा आवळून ते पुन्हा उभे राहिले तेव्हा दिवे पुन्हा मालवले होते, आणि पायाखालची खडी कुठे संपते ते दिसत नव्हतं. ते चाचपडले. नात स्टुलावरून उतरली. खड्ड्याच्या कडेला खिळ्यावर आजोबांची बॅटरी टांगलेली होती. ती तिने काढली, त्यांच्या एक पाऊल मागे जाऊन उभी राहिली, आणि हात जमेल तितका उंच करून उजेड त्यांच्या पुढ्यात धरला.