तिरकी रेघ

अकोल्याहून आलेल्या सासूबाईंनी वाळ्याचा पडदा पुन्हा भिजवला आणि भिंतीवरचा पारा दाखवला. "बघ, चार अंश उतरला! आम्ही सारे उन्हाळे असेच काढले."

इरावतीने हवेतली उष्णता आणि ओलावा एकत्र दाखवणारा तक्ता पुढ्यात ओढला. रत्नागिरीत आता प्रत्येक बाळंतिणीला तो वाचायला शिकवत. खोलीचा ठिपका सरकला होता खरा, पण धोक्याच्या त्याच तिरक्या रेघेवरून. हवा जेवढी निवली तेवढीच ओलावली होती, आणि शेजारच्या, ओलं फडकं गुंडाळलेल्या दुसऱ्या तापमापकातला पारा जागचा हलला नव्हता.

"आई, या रेघेपुढे घाम येऊनही अंग निवत नाही. माणूस कुणीही असो, आतून तापत जातं."

सासूबाईंनी पाळण्यात हात घातला. तान्ह्याची मान घामाने चिंब होती, तरी हाताला चटका बसला.

"अगं, मग डोंगरातल्या गारघरात जायचं ना! भोंगा केव्हाचा वाजलाय."

"एका घरातल्या दोघांनाच घेतात तिथं," इरावती खाली बघत म्हणाली.

सासूबाईंनी बाळाला उचललं, त्याचा पापा घेतला आणि इरावतीच्या खांद्यावर दिलं.

"वेडे, इतका वेळ थांबलीस कशाला? निघ आधी."