यंदा भेलसा

"यंदा मांडू नाही," कुमुदिनी म्हणाली. "भेलशाला जायचं."

अच्युतरावांच्या कपातला चहा बशीत सांडला. दिवाळीची सुट्टी म्हणजे मांडू, हे त्यांच्या घरात कधीचंच ठरून गेलेलं होतं. सचिवालयातली मित्रमंडळी, त्यांची बायकामुलं, एक भाड्याची बस आणि गडावरचा मुक्काम.

"भेलशात आहे काय?"

"उदयगिरीची लेणी आहेत. एका ग्रीक यवनानं वासुदेवासाठी उभारलेला गरुडखांब आहे. बेतवा नदी आहे, पलीकडे सांची आहे."

"अगं, इतिहासच पाहायचा तर मांडूत काय कमी आहे?"

"मांडूत मी चुलीच पाहिल्या आहेत."

ती चिडून बोलली असती तर अच्युतरावांनी आवाज चढवला असता. पण ती शांत होती, आणि बोलणं खरं होतं. मंडळी रूपमतीचा मंडप पाहायला वर चढत, तेव्हा कुमुदिनी खाली सगळ्यांच्या पुऱ्या तळत बसलेली असे.

अच्युतराव माणूस वाईट नव्हते. त्यांच्या वडिलांची हयात होळकरांच्या दफ्तरात गेली. संस्थान विलीन झालं, मध्य भारत राज्य आलं, साहेब बदलले. घरची शिस्त मात्र तीच राहिली. कुमुदिनी इतिहास घेऊन बी. ए. झालेली. गेल्या वर्षी इंदूरच्याच तुकोगंजातल्या एका शाळेनं तिला बोलावलं, तेव्हा "आपल्याकडे बायका नोकरी करत नाहीत" एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता. ती तेव्हा काहीच बोलली नव्हती. ते न बोलणं त्यांना अजून अधूनमधून टोचत असे. निदान फिरायला तरी तिच्या मनासारखं होऊ दे, असा त्यांनी विचार केला.

त्यांच्या आईला, भानुमतीबाईंना, हे मुळीच पटलं नाही. "खांब बघायला कुणी जातं का? त्यापेक्षा उज्जैनला चला, महाकाल तरी पदरात पडेल."

"उज्जैनला दर श्रावणात जातोच ना, आई."

"मग ओंकारेश्वर?"

"पुढच्या साली हे नेतील तुम्हाला."

सासूनं आणखी दोन-तीन क्षेत्रांची नावं घेतली. कुमुदिनीनं एकेक नाव हळूच बाजूला सारलं आणि भेलशावरून तसूभर हलली नाही.

शेजारच्या शामनं फाटकातूनच हाक मारली. "क्या भिया, मांडू कॅन्सल?"

"हो भिया. या साल बायकोचा हुकूम," अच्युतराव हसत म्हणाले. "बिचारी कधी काही मागत नाही. म्हटलं, चला, हौस पुरवून टाकू."

असं म्हणताना त्यांना स्वतःबद्दल बरंच बरं वाटलं.

निघायच्या आदल्या दिवशी कुमुदिनीनं सासूला स्वयंपाकघरात बसवून सगळं दाखवलं. पित्तावरची पुडी कुठल्या डब्यात, धोब्याला कपडे कसे मोजून द्यायचे, दूधवाला पाणी घालतो ते कसं ओळखायचं. ट्रंक उचलताना अच्युतरावांच्या पाठीत कळ आली.

"चार दिवसांसाठी एवढं?"

"तिकडे थंडी फार असते म्हणतात."

उज्जैनला गाडी बदलली, भोपाळला पुन्हा बदलली. भेलशाच्या धर्मशाळेत सामान टाकून दोघं टांग्यानं उदयगिरीला गेले. तिथं कड्यात कोरलेला तो प्रचंड वराह पृथ्वीला दातावर उचलून उभा होता. आजूबाजूच्या खेड्यातल्या काही पोरी तिथं शेळ्या घेऊन आल्या होत्या. कुमुदिनी त्यांना जवळ बोलावून सांगायला लागली, "ये देखो, समुंदर में डूबी जा रही थी, तब इसने उठाया." पोरी तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. अच्युतरावांना भूक लागली होती. पण ते मुकाट्यानं सावलीत बसले आणि बायकोकडे पाहत राहिले. इतकं भराभर बोलताना त्यांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

परतताना तिनं टांगेवाल्याला भंडावून सोडलं. बाजार कुठल्या वारी भरतो, पावसाळ्यात बेतवेला पूर आला की रस्ता बंद होतो का, गावात मराठी घरं किती. दिवाळीत आलेल्या पाहुण्यानं पावसाळ्याची चौकशी कशाला करावी, हे अच्युतरावांना कळेना. पण बायकांना चौकशा लागतातच.

सांची झाली, खांब झाला. ती पायाला फोड येईस्तोवर हिंडली आणि एकदाही "दमले" म्हणाली नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी स्टेशनवर अच्युतरावांचं मन भरून आलं.

"कुमुद, मी तुला आजवर कुठं नेलंच नाही गं," ते म्हणाले. "आता दर साली तू सांगशील तिथं. अजिंठा म्हण, खजुराहो म्हण. आपल्या देशात पाहायला काय कमी आहे?"

कुमुदिनीचे डोळे पाणावले. तिनं त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली.

ते तिकीट-खिडकीपाशी गेले. "इंदौर. दो."

"एकच घ्या," मागून ती म्हणाली.

ते वळले. "म्हणजे?"

"इथल्या मुलींच्या शाळेनं पत्रावरूनच मला इतिहास शिकवायला घेतलंय. आज सुट्टी संपते, उद्याच रुजू व्हायचंय. हेडबाईंच्या घरात एक खोलीही मिळाली आहे." तिचा आवाज जराही कापत नव्हता. "घरी सांगितलं असतं तर तुम्ही निघू दिलं नसतं."

खिडकीतला बाबू खोळंबला होता.

"रागावू नका," ती म्हणाली. "मे महिन्यात शाळेला सुट्टी लागेल. सुट्टीत कुठं जायचं तेही मी ठरवलंय. इंदूरला येईन."