भिंतीपलीकडची झाडं

लिस्बनपासून दूरच्या त्या खेड्यात रूबेन पोलीस घरोघर अंगणं तपासत देओलिंदाकडे शिरला आणि दारातच थबकला.

"मावशी, संत्र्याचं झाड कुठंय?"

"हे काय, आहे की!" देओलिंदानं चपलेनं जमिनीलगत उरलेला बुडखा दाखवला. इतका ताजा, की अजून वास येत होता त्याला.

"अगं, पण का तोडलंत?"

"का म्हणजे? तुम्हीच टीव्हीवर ओरडत होतात ना, वणव्याचे दिवस आहेत, घराजवळची झाडं काढा, नाहीतर दंड! ह्यांनी काढलं. आणि मग ताटावर बसेनात."

'हे' म्हणजे म्हातारा आबिलियो. भर उन्हात पायरीवर बसलेला. सावली राहिलीच कुठे होती!

रूबेननं टोपी काढली. लहानपणी ह्याच झाडाची संत्री चोरायचा तो. "फळझाडांना सूट होती, मावशी," तो पुटपुटला. "असलं हिरवंगार झाड सहजी पेटत नाही."

"आत्ता सांगतोयस होय रे मेल्या!"

आणि भिंतीपलीकडे? नुसती निलगिरी, पानापानांत तेल! भिंतीला खेटून सुरू होते ती टेकडी चढून पार पलीकडे उतरते. वसंतात धो धो पाऊस, म्हणून खाली कमरेएवढं गवत. मग मे महिन्यापासून थेंब नाही, म्हणून तेच गवत वाळून काडीसारखं. वर हा पूर्वेचा वारा, भट्टीचं दार उघडल्यागत. झाडांच्या सालींच्या लांब लांब पट्ट्या लक्तरांसारख्या लोंबतायत.

"आणि ती?" आबिलियोनं पहिल्यांदाच तोंड उघडलं. "ती कुणी काढायची?"

"मालक लिस्बनला असतो म्हणे, काका. नोटिसा परत येतात. पत्ताच सापडत नाही त्याचा."

"अस्सं! आम्ही सापडतो, म्हणून आम्हाला धरायचं!"

"चिडू नका हो. तुमचं अंगण बघा कसं चकाचक आहे. तुम्हाला आता काही धोका..."

वाऱ्याचा झोत आला. टेकडीवरून सालीची एक पट्टी गिरक्या घेत आली आणि बरोब्बर संत्र्याच्या बुडख्यावर पडली. तिची कड लाल धुमसत होती.

तिघांनी वर पाहिलं. टेकडीमागचं आकाश तपकिरी झालं होतं.

रूबेन फोनवर ओरडायला लागला. आबिलियो धडपडत पाण्याच्या नळीकडे धावला. देओलिंदा मात्र कमरेवर हात ठेवून तिथंच उभी.

"बघ रे, रूबेन! तुम्हाला मालकाचा पत्ता सापडत नाही. त्याच्या झाडांना आमचा सापडला."