नत्थूजींचा फोन

कन्हानच्या कुणा अनोळखी पुष्पलताबाईंच्या पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. ‘नत्थूजीले रोज फोनवर बोलावून देता, उपकार आहेत,’ असं त्यात होतं.

सक्करदऱ्याच्या आमच्या गल्लीत फोन माझ्याकडेच. नंबर मात्र सगळ्यांनी नातेवाइकांत वाटलेला. पुस्तक मिटून हाका मीच मारायच्या! पण नत्थूजी? मलाच विसर पडला असेल म्हणून घरोघरी विचारलं. असा कोणी नव्हताच.

आज दुपारी घंटी वाजली.

“मी कन्हानहून पुष्पलता. नत्थूजीले बोलवा ना जी.”

“बाई, असा कोणी इथं राहत नाही!”

“काहून मजाक करता? कालच तर बोलले ते.”

संतापून मी खिडकीतून ओरडलो, “नत्थूजी, फोन!”

“आलो जी,” माझ्या आतल्या खोलीतून उत्तर आलं.

मी एकटा राहतो.

रिसीव्हर तसाच टाकून पोस्टात गेलो, उभ्यानंच कार्ड लिहिलं आणि पेटीत टाकलं: ‘बाई, तुमच्या माणसाला येऊन घेऊन जा.’